जीभरावांचं पोट

१

जीभराव पोटानं गेले, हे कारखान्यात कुणालाच पटेना.

सॉस आणि व्हिनेगर बनवणाऱ्या त्या कारखान्यातून तेवीस वर्षं एकही पिंप त्यांच्या शेऱ्याशिवाय फाटकाबाहेर पडलं नव्हतं. चमचाभर माल जिभेवर घ्यायचा आणि सांगायचं, मीठ किंचित जास्त, टोमॅटो दोन दिवस उशिरा तोडलेला, पिंप नीट खळबळलं नव्हतं. हुद्दा मुख्य चव-तपासनीस. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं, बाकी अख्ख्या कारखान्याचे ते जीभराव. असा माणूस बुधवारी दुपारी पोट धरून इस्पितळात दाखल झाला आणि शनिवारी सकाळी संपला.

रविवारी त्यांचा धाकटा भाऊ पोलीस चौकीत येऊन बसला. दातांच्या कवळ्या बनवण्याचा त्याचा धंदा होता. बोटांना पांढरी भुकटी चिकटलेली.

"माझ्या भावाला विष घातलंय," तो म्हणाला. "आणि घालणारी घरातच आहे."

समोर फौजदार बाई होत्या. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. तक्रार ऐकताना माणसाच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची त्यांची सवय होती. हा नखानं बोटांवरची भुकटी खरवडत होता.

"कोण घरात?"

"वहिनी. दुसरं आहेच कोण? मूलबाळ नाही त्यांना. मी दर रविवारी जेवायला जातो. तीनदा पाहिलंय मी, ओट्याशी पाठमोरी उभी राहून बारक्या बाटलीतून चमच्यात काहीतरी ओतत होती. मला पाहिलं की झटकन लपवायची."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"घरातली गोष्ट," तो म्हणाला. "चव्हाट्यावर कशी मांडायची?"

बाई इस्पितळात गेल्या. दाखल करतानाच्या कागदावर तरुण डॉक्टरनं लिहिलं होतं: 'काही तीव्र पदार्थ पोटात गेला का? रुग्ण: नाही. पत्नी: नाही.' अल्सर समजून उपचार झाले होते. शवविच्छेदनाचे डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"असं पोट मी तीस वर्षांत एकदाच पाहिलंय, तेही पुस्तकात. जठराची भिंत बोटाएवढी जाड. कापली तर आतून पू."

"अ‍ॅसिड?"

"मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. पण अ‍ॅसिड प्यायलेल्या माणसाचे ओठ जळतात, तोंड जळतं, अन्ननलिका सोलून निघते. इथं जुने, हलके वण आहेत, ताजी खूण एकही नाही. वाटेतलं एकही घर न जाळता आग थेट शेवटच्या घराला लागली म्हणा."

"मग लागली कशी?"

"तपासणीचा अहवाल यायचाय. तोवर ते तुम्ही शोधायचं," डॉक्टर म्हणाले. "पण एक सांगतो. हे बुधवारी सुरू झालेलं नाही."

२

घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात वरच्या मजल्यावरची शिक्षिका भेटली. पोलीस पाहून ती आपणहून थांबली.

"माणूस चांगला होता हो, पण आपल्याच तंद्रीत. मागं एकदा जिना चढतानाच मला गॅसचा वास आला. यांचं दार बडवलं, तर हे आरामात वर्तमानपत्र वाचत बसलेले. शेगडी विझलेली आणि गॅस सुसाट चालू! 'सर्दी आहे', म्हणाले. मी ओरडत होते आणि हे मलाच शांत करत होते."

वहिनींनी दार उघडलं. पन्नाशीची, कोरड्या डोळ्यांची बाई. रडून झालेलं होतं की अजून यायचं होतं, ते कळत नव्हतं.

"भाऊजींनी पाठवलं ना तुम्हाला?"

"तक्रार आली की यावं लागतं," बाई म्हणाल्या. "बुधवारी काय खाल्लं त्यांनी?"

"सकाळी चहा. मग कामावर गेले."

"जेवणाच्या काही खास सवयी?"

"तिखट लागायचं थोडं."

थोडं? टेबलावर त्यांच्या खुर्चीसमोर मिरपुडीची डबी होती. डबी कसली, चांगला किलोभराचा डबाच. मिठाची बाटली मात्र वहिनींच्या बाजूला, नवरा उठल्याशिवाय त्याचा हात पोहोचणार नाही अशी. तिखटाचा इतका शौकीन माणूस मीठ कधीच वरून घेत नसेल? बाईंच्या नवऱ्याचा हात आधी मिठाकडे जायचा, घास तोंडात जायच्याही आधी. वीस वर्षं तो राग त्या गिळत आल्या होत्या.

"स्वयंपाकघर बघते."

वहिनी बाजूला झाल्या, पण अगदी किंचित. त्या ज्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या, तेच बाईंनी उघडायला सांगितलं.

खालच्या कप्प्यात, जुन्या चादरीखाली, बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. धुतलेल्या, कोरड्या केलेल्या. पन्नासच्या वर असतील. प्रत्येकीवर एक आकडा.

"हे काय आहे?"

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात बाईंचं लक्ष ओट्याकडे गेलं. तिथं तशीच आणखी एक बाटली होती. अर्धी भरलेली.

३

बाटल्या कारखान्याच्याच निघाल्या. ओट्यावरच्या बाटलीत काय होतं तेही संध्याकाळच्या आत कळलं, कारण तपासणाऱ्यानं ते बोटावर घेऊन चाटलंच. टोमॅटोचा सॉस. विष नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी बाई कारखान्यात गेल्या. फाटकापासूनच नाकात आंबट वाफ शिरत होती. चव-तपासणीच्या खोलीत पांढरं टेबल, ओळीनं वाट्या, आणि जीभरावांच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेला माणूस. त्याच्या खिशात कायम स्टीलचा चमचा असे म्हणून, आणि साहेबांच्या पुढंपुढं करी म्हणूनही, सगळे त्याला 'चमचा' म्हणत. त्याला दोन्ही कारणं ठाऊक होती.

"साहेबांची खुर्ची आता तुम्हाला?"

"मिळेल असं म्हणतात," तो म्हणाला. "मी घेतलेली नाही अजून. बघा, रिकामीच आहे."

"नमुन्याच्या बाटल्या त्यांच्या घरी कशा?"

"घरी न्यायचे ना ते. इथं चाखून कधीच सांगत नसत. एक चमचा तोंडात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, 'उद्या सांगतो. जीभ झोपून उठू दे.' उद्या सकाळी वहीत शेरा तयार."

"पहिल्यापासून असंच?"

"मी आलो तेव्हा नाही. आधी तिथल्या तिथं सांगायचे." त्यानं आठवून पाहिलं. "मोठा ताप आला होता त्यांना, तीन आठवडे अंथरुणाला होते. सहा वर्षं झाली. त्यानंतर हे सुरू झालं. म्हटलं, मोठ्या माणसांचे चाळे."

"तुम्हाला कधी संशय नाही आला?"

चमच्यानं दाराकडे पाहून आवाज उतरवला. "आला होता. खोटं कशाला बोलू? एकदा परीक्षा घेतली मी. एकाच कढईतला माल दोन बाटल्यांत भरला, वेगळे आकडे टाकले. हा माणूस उडवाउडवी करत असेल तर सापडेलच. दुसऱ्या दिवशी वहीत शेरा होता, 'दोन्ही एकाच आईची लेकरं. पुन्हा असला खेळ करू नये.' बाई, त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायचा बाकी होतो."

टेबलाच्या खणाला कुलूप होतं. किल्ली जीभरावांच्या कपड्यांत सापडली होती. खण उघडला आणि चमचा एकदम मागं सरला.

आत काचेची मोठी बाटली, निम्मी रिकामी. शेजारी छोटा पेला, कडेला पांढरट झालेला.

"हे कडक व्हिनेगर," तो पुटपुटला. "पाणी घालण्याआधीचं. मशीनमधला क्षार काढायला वापरतो आम्ही. दर आठवड्याला एक बाटली जायची. साहेबांचीच सही असायची, 'नमुना' म्हणून."

"कोठाराची किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे," चमचा म्हणाला आणि त्याचा चेहरा त्या पेल्याच्या कडेसारखा झाला. "पण मी दिलं नाही हो त्यांना! म्हणजे दिलं. पण प्यायला नाही!"

४

बाई शेऱ्यांची वही घेऊन चौकीत आल्या. डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि वाचायला लागल्या ते जेवण गार होईपर्यंत.

अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, जीभरावांचं. भाषा मात्र दोन. तापाआधीची अशी: 'आम्लता अधिक. क्षार मध्यम. गोडी समाधानकारक.' तापानंतरची अशी: 'सादळलेल्या बिस्किटाचा वास.' 'लोखंडी सुरीनं चिरलंय वाटतं.' 'उतू गेलेल्या दुधासारखं करपट. कढई बदला.' हे शब्द कारखान्यातून आलेले नव्हते. ज्यानं हे लिहायला सांगितलं तो माणूस जन्मभर शेगडीपुढं उभा होता.

वहीत मधूनच खंड होते. कुठं नऊ दिवस, कुठं चार, एकदा अकरा. शेजारी 'आजारपणाची रजा'.

बाईंनी भावाला फोन लावला. "तुमच्या वहिनी कधी बाहेरगावी जायच्या का?"

"जायची तर! तिची आई आजारी असायची. नवऱ्याला टाकून खुशाल निघून जायची. डबा मी पोचवायचो. तारखा हव्यात? माझ्याकडे लिहिलेल्या आहेत. कधीतरी तोंडावर फेकायच्या म्हणून ठेवल्यात."

त्यानं तारखा वाचल्या. बाई वहीवर बोट ठेवत गेल्या. अकरा दिवस. चार. नऊ. एकही तारीख इकडची तिकडे नव्हती. वहिनी घरी नसल्या की जीभराव आजारी.

दुपारी शवविच्छेदनाच्या डॉक्टरांचा फोन आला. "अहवाल आला. जठराच्या अस्तरावर वण आहेत, एकावर एक, निदान पाच-सहा वर्षांचे. आणि भिंतीत ताजा पू. जंतूंमुळे जठराला येणारी सूज आहे ही, फार दुर्मीळ. अस्तर धड असेल तर जंतूंना आत शिरता येत नाही. यानं ते स्वतःच रोज थोडं थोडं जाळत आणलं होतं."

"उपाशीपोटी कडक व्हिनेगरचा घोट. वर मिरपूड. कढत चहा."

"वर्षानुवर्षं? मग जुळतं. घशातून ते सरकन खाली जातं, तिथं हलके वण तेवढे राहतात. पोटात मात्र मुक्काम करतं. असं खाणाऱ्या सगळ्यांनाच हे होतं असं नाही. लाखात एखाद्याला. पण एवढी शिक्षा माणूस स्वतःला देतो कशाला?"

"डॉक्टर, एखाद्याचा वास गेला, चव गेली, तर त्याला तिखट कळतं?"

"तिखट ही चव नव्हेच. झोंबणं, भाजणं यांच्या नसा वेगळ्या. चव-वास पार मेले तरी झोंबणं उरतं. तापानंतर असं होतं कधीकधी. काहींचं परत येत नाही."

बाईंनी वही मिटली. विष घालणारं कुणी नव्हतं. तरीही इस्पितळाच्या त्या कागदावरचा दुसरा 'नाही' त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

५

वहिनी टेबलाशी बसल्या होत्या. बाई समोर बसल्या, मुद्दाम जीभरावांच्या खुर्चीत नाही.

"मी कारखान्यातली वही वाचली. सुरेख शेरे आहेत. एक तर पाठच झालाय. 'उतू गेलेल्या दुधासारखं करपट. पिंप बदला.'"

"पिंप नाही, कढई," वहिनी म्हणाल्या.

आणि थांबल्या. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती वाजायची थांबली तरी वहिनींनी हात टेबलावरून उचलला नाही.

"मी नेईपर्यंत ती वही कारखान्याच्या बाहेर कधी गेली नव्हती," बाई हळूच म्हणाल्या.

"तापातून उठले," वहिनींनी सुरुवात केली. आवाज असा, की जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. "पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, 'आज मीठ विसरलीस.' मी विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी साबणाची वडी नाकाला लावून बसलेले पाहिलं. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवून वचन घेतलं. कुणाला सांगायचं नाही. डॉक्टरलाही नाही. 'ज्याचं नावच जीभराव, त्याला जीभ नाही, हे कळलं तर मी उद्या बाहेर तोंड काय दाखवू?'"

"आणि नमुने तुम्ही चाखायचात."

"संध्याकाळी आणायचे. मी सांगायचे, ते लिहून घ्यायचे. आधी शब्द बदलायचे, मग कंटाळले. मी म्हणेन तसंच लिहायला लागले." त्या पुसटशा हसल्या. "दोन बाटल्या एकाच कढईतल्या निघाल्या, त्या दिवशी आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. त्या वर्षी त्यांना मानपत्र मिळालं. समारंभात म्हणाले, 'ही जीभ देवाची देणगी आहे.' मी तिसऱ्या रांगेत होते."

"व्हिनेगर?"

"वर्षभरानं कळलं मला. भांडले, बाटली ओतून दिली. तर म्हणाले, 'अगं, दिवसभर कापूस खाल्ल्यासारखं वाटतं. निदान झोंबतं तरी. जिवंत आहे हे कळतं.' घरात बंद केलं, ते कारखान्यात प्यायला लागले."

"बुधवारी डॉक्टरनं विचारलं होतं."

वहिनींनी मान खाली घातली. "त्यांनी चादरीखालून माझा हात धरला होता. इतका घट्ट, की नखं रुतली. 'नाही' म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणाले, नाही. गुरुवारी पुन्हा विचारलं, तेव्हा तर ते ग्लानीत होते. हात धरायला कुणी नव्हतं. तरी मी नाहीच म्हणाले."

मग त्यांनी वर पाहिलं. बाईंना वाटलंच होतं, हा प्रश्न येणार.

"मी बोलले असते तर वाचले असते?"

खोटं बोलणं सोपं होतं. उभ्या नोकरीत बाईंनी असली खोटी पुष्कळ वाटली होती, आणि ती घेऊन गेलेल्या माणसांचे चेहरेही पाहिले होते.

"डॉक्टरांना मी विचारलं. म्हणाले, वेळेवर कळलं असतं तर दुर्बीण घातली असती, औषध बदललं असतं. निम्मे वाचतात."

"निम्मे," वहिनी म्हणाल्या.

बराच वेळ त्या टेबलावरची अदृश्य चुरी बोटानं गोळा करत राहिल्या.

"वाचले असते," त्या शेवटी म्हणाल्या, "तर उरलेला जन्म माझ्याशी बोलले नसते. बोलले नसते, पण समोर बसले तर असते. गुरुवारी हे सुचायला हवं होतं मला."

६

मृत्यू नैसर्गिक ठरला. भावानं तक्रार मागं घेतली. "शंका येणं साहजिकच होतं," एवढंच म्हणाला, आणि त्यानंतर रविवारी जेवायला आला नाही. बाईंनी नवरा-बायकोचं गुपित अहवालात लिहिलं नाही, पण कारखान्याच्या व्यवस्थापकाला सांगावं लागलं, कारण खणातल्या त्या बाटलीबद्दल तो सारखा विचारत होता. ऐकून तो पांढराफटक पडला. "हे बाहेर जाऊ देऊ नका," म्हणाला. "सहा वर्षांचा माल आहे आमचा!" त्या मालाबद्दल सहा वर्षांत एकही तक्रार आलेली नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. जीभरावांचा मोठा फोटो त्यानं फाटकाशी लावला होता, तो तसाच राहिला.

तीन आठवड्यांनी बाई सहीचा शेवटचा कागद घेऊन वहिनींकडे गेल्या, तर दारात चमचा उभा. हातात लाकडी खोकं, खोक्यात बारक्या बाटल्या.

"व्यवस्थापकांनी पाठवलंय," तो वहिनींना सांगत होता. बाईंना पाहून अडखळला, पण माघारी वळला नाही. "आता मी मुख्य तपासनीस झालोय. पण नवीन माल... वहिनी, खरं सांगू? काहीतरी बिघडलंय त्यात, आणि काय ते मला सापडत नाही. तीन पिंपं अडून आहेत. तुम्ही जरा... घरच्या घरी... पूर्वीसारखं."

वहिनींनी खोक्यातली एक बाटली उचलून बूच काढलं. वास घेतला. चमच्यानं घाईघाईनं खिशातला चमचा पुढं केला. त्यांनी चार थेंब जिभेवर घेतले आणि डोळे मिटले. बाईंनी हा चेहरा आजवर पाहिला नव्हता. दुःख, पश्चात्ताप काही नाही, निव्वळ काम करणाऱ्या माणसाचा चेहरा.

"काय बिघडलंय?" चमच्यानं विचारलं.

"वहीत नाव कुणाचं लागेल?"

तो घुटमळला. "माझंच लागेल ना. म्हणजे, पद्धत तशी आहे. हुद्दा माझा आहे."

वहिनींनी चमचा पुसून त्याच्या हातात दिला. बाटलीला बूच लावलं, ती खोक्यात जागच्या जागी ठेवली.

"कळलंय मला काय बिघडलंय ते," त्या म्हणाल्या. "पण ज्याचं नाव लागणार आहे, त्यानं सांगावं."

मग बाईंच्या हातातला कागद घेऊन, चौकटीवर टेकवून त्यांनी सही केली. पूर्ण नाव, स्वच्छ अक्षरात. आणि दार लावून घेतलं.